पयनघाट आणि मेळघाट : वऱ्हाडातील पत्र्याच्या छपराचा इतिहास

घराच्या इतिहासात भिंतींना जे स्थान मिळते ते छपराला सहसा मिळत नाही. भिंती पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहतात. छप्पर मात्र दर पिढीत, कधी दर पावसाळ्यात, बदलते आणि बदलताना मागे फारसा पुरावा ठेवीत नाही. तथापि एखाद्या प्रदेशाचे हवामान, त्यातील दळणवळण, जंगलावरील हक्क आणि सरकारी कागदांतील वर्गवारी या चारही गोष्टींचा ठसा जितका छपरावर उमटतो तितका घराच्या दुसऱ्या कोणत्याही अंगावर उमटत नाही. वऱ्हाडातील जस्ती पन्हळी पत्रा, ज्याला तिकडे नुसते ‘टिन’ म्हणतात, हे याचे चांगले उदाहरण होय. अकोल्यातील जठारपेठेसारख्या वस्तीत टिनाखाली राहणे म्हणजे काय हे मे महिन्याच्या दुपारी कळते. चिखलदऱ्यात ते श्रावणातल्या रात्री कळते. पत्रा एकच, पण दोन ठिकाणी त्याचे गुणदोष जवळजवळ उलटे ठरतात. असे असताना तो दोन्हीकडे कसा पसरला, आणि डोंगरावर तो ज्या रीतीने वापरला गेला ती रीत इतरत्र का गेली नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

वऱ्हाडची जुनी विभागणी पयनघाट, बालाघाट आणि मेळघाट अशी. पूर्णा नदीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे म्हणजे पयनघाट. अकोला त्यातच, समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरांच्या आत वसलेले. उत्तरेस सातपुड्याच्या गाविलगड रांगा एकदम उभ्या राहतात आणि त्यांच्या माथ्यावर सुमारे १,११८ मीटर उंचीवर चिखलदरा आहे. उंची दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तपमान उतरविते, म्हणजे दोहोंत पाच-साडेपाच अंशांचा फरक केवळ उंचीनेच पडतो. पावसाचा फरक त्याहून मोठा आहे. अकोल्यास वर्षाकाठी ७५ ते ८० सेंटिमीटर, तर चिखलदऱ्यास त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यात दिवसचे दिवस न हटणारे धुके आणि कड्यावरून येणारा वारा यांची भर.

या दोन हवामानांना जुन्या बांधणाऱ्यांनी दोन वेगळी उत्तरे दिली होती. पयनघाटातील उत्तर म्हणजे धाबे. तुळयांवर फळ्या किंवा काटक्या अंथरून, वर पाला घालून त्यावर वीतभर माती चोपून बसविलेले सपाट छप्पर. ही माती शेतातली काळी नसे. काळी माती वाळली की भेगाळते आणि भिजली की फुगते. म्हणून जुन्या गावठाणाची पांढरी माती आणीत व मृगाआधी तिचा नवा थर देत. गावाला ‘पांढरी’ आणि शेतीला ‘काळी’ म्हणण्याच्या महाराष्ट्रातील रूढीमागे मातीचा हाच भेद आहे. पंधरा सेंटिमीटर जाडीच्या अशा थराचे वजन दर चौरस मीटरला कोरडे असतानाच अडीचशे किलोंच्या घरात जाते. हे ओझेच धाब्याचा गुण होता. दुपारचे ऊन मातीतून खाली उतरेपर्यंत संध्याकाळ होई, आणि त्या वेळी घरची माणसे वर, उघड्या आभाळाखाली निजावयास गेलेली असत. दोष म्हणजे जाड सागवान तुळया हव्यात, आणि डागडुजीत एक वर्ष चुकले तर पुढच्या पावसात घर गळणार.

मेळघाटात सपाट मातीचे छप्पर टिकणे शक्यच नव्हते. समोरासमोर दोन सरळ ओळींत घरे असलेली कोरकूंची गावे कुडाच्या भिंतींवर उतरते छप्पर घालीत. वर गवत किंवा घरीच थापून भाजलेली कौले. गाविलगडाच्या किल्ल्यावर दगडचुन्याचे घुमटही आहेत. परंतु बहमनी अहमदशहाने १४२५ च्या सुमारास बांधलेल्या आणि १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीने घेतलेल्या त्या किल्ल्यामागे राजसत्तेचा पैसा होता. सामान्य घराच्या इतिहासात घुमटाला जागा नाही. गवताचे वा कौलांचे छप्पर आणि त्याची वार्षिक शाकारणी हेच डोंगरावरील खरे वास्तुशास्त्र होते, व त्यास लागणारे गवत, बांबू आणि वासे जंगलातून मोकळेपणाने मिळत होते. हा शेवटचा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो.

पत्र्याचा जन्म गोदीत झाला. लंडनच्या गोदी कंपनीत काम करणारे अभियंते हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ मध्ये लोखंडाच्या पत्र्यास पन्हळी पाडण्याचे पेटंट घेतले. युक्ती साधी होती. सपाट पातळ पत्रा स्वतःच्या भाराने वाकतो. त्यालाच लाटा पाडल्या की प्रत्येक लाट लहानशा तुळईचे काम करते आणि खाली फळ्यांचा आधार न देताही एका वाशापासून दुसऱ्या वाशापर्यंत पत्रा ताठ राहतो. गंजाचा प्रश्न उरला होता. १८३७ मध्ये फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेल यांनी वितळलेल्या जस्तात लोखंड बुडविण्याच्या कृतीचे पेटंट घेतले आणि तोही पुष्कळसा सुटला. जस्त केवळ झाकण म्हणून काम करीत नाही. ओरखडा पडला तरी आधी ते झिजते आणि लोखंड वाचते.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग अकोल्यावरून १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा फाटा सुरू झाला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला आलेली तेजी ओसरली होती, पण सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने वाढतच गेले. कापसाच्या आवारात गवताचे छप्पर म्हणजे आगीस आमंत्रण. लांबरुंद, खांब कमी असलेली, न जळणारी आणि आगगाडीतून थप्पी रचून आणता येणारी आच्छादने तिथे हवी होती, आणि पत्र्यात हे सर्व गुण होते. पयनघाटात पत्र्याने पाय रोवला तो जिनिंगच्या शेडवर आणि रेल्वेच्या गुदामावर. कापसाच्या गाठीला उकाड्याची तक्रार करता येत नाही. म्हणून आच्छादनाखालचे तपमान हा विचार त्या निवडीत मुळी नव्हताच.

चिखलदऱ्याची गोष्ट निराळी. १८२३ मध्ये हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन यांनी हे ठिकाण इंग्रजांच्या नजरेस आणले असे सांगितले जाते. पुढे वऱ्हाडातील अंमलदारांचे ते उन्हाळी विश्रांतिस्थान झाले. येथे छप्पर माणसासाठी हवे होते आणि सामान घाटातून बैलगाडीने चढवावे लागत होते. मंगळुरी कौले बासेल मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून होऊ लागली होती. ही कौले दर चौरस मीटरला पस्तीस ते चाळीस किलो भरतात, तर चोवीस गेजचा पन्हळी पत्रा सहा किलोंच्या आसपास. शंभर चौरस मीटर छपराला चार टन कौले की सहाशे किलो पत्रा, असा हा हिशेब आहे. घाटात गाडीमागे अर्धा टन ओझे धरले तर एकीकडे आठ गाड्या होतात, दुसरीकडे जेमतेम सव्वा. शिवाय कौले वाटेत फुटतात, पत्रा फुटत नाही. हलक्या छपराला वासेही हलके चालतात. वानरांचा उपद्रव हे आणखी एक कारण. त्याला कोणी शास्त्रीय म्हणणार नाही, पण डोंगरावर कौलांच्या घरात राहिलेला माणूस ते कारण पहिले सांगेल.

हीच निवड हिंदुस्थानातील इतर गिरिस्थानांतही झाली. सिमल्यात मातीची सपाट छपरे जाऊन उतरते पत्रे आले. आसामात १२ जून १८९७ च्या भूकंपाने दगडी इमारती जमीनदोस्त केल्यावर लाकडी सांगाडा, कुडाच्या भिंती आणि वर पत्रा ही हलकी बांधणी रूढ झाली. सह्याद्रीत मात्र गणित वेगळे बसते. महाबळेश्वरी सहाशे सेंटिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि वाऱ्यामुळे तो आडवा येतो. तिथे छपराइतकीच भिंतीची चिंता असल्यामुळे पावसाळ्यापूर्वी भिंतींना गवताचे आडोसे बांधीत. चिखलदऱ्याचा पाऊस त्याच्या चौथाईएवढा. तेवढ्या पावसाला नीट उताराचा पत्रा पुरेसा होतो.

परंतु ‘नीट’ या शब्दात पुष्कळ काही आहे, आणि येथेच या इतिहासाचा गाभा आहे. गिरिस्थानावरील सुस्थित बंगल्यात पत्रा एकटा कधीच नसे. त्याखाली फळ्यांचे तक्तपोशी छत असे. मध्ये हवेचा पोकळ पोटमाळा आणि आढ्याशी वारा निघून जाण्यास झरोके असत. भोवती रुंद ओसरी असे. या प्रत्येक गोष्टीला कारण होते. पत्र्यात उष्णता साठत नाही. निरभ्र रात्री तो भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो, आणि घरातील चुलीची व श्वासाची वाफ त्याच्या खालच्या अंगाला लागून थेंब धरते. पाऊस नसतानाही पहाटे अंथरूण ओले होते ते यामुळे. फळ्यांचे छत ही वाफ पत्र्यापर्यंत पोहोचू देत नाही, पावसाचा कानठळ्या बसविणारा आवाज कमी करते आणि उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याची झळ अडविते.

ठोकणीचेही असेच. खिळा किंवा आकडी लाटेच्या उंचवट्यावर मारावयाची, खोलगटात नव्हे, कारण खोलगटातून पाणी वाहते. शेजारच्या पत्र्यावर दीड ते दोन लाटांचा, आणि उताराच्या दिशेने वीतभर, असा चढ द्यावयाचा. तीन मीटरांचा पत्रा तपमानात चाळीस अंशांचा फरक पडला की सुमारे दीड मिलिमीटर लांबतो व पुन्हा आखडतो. रोजच्या या ये-जा करण्याने घट्ट ठोकलेल्या खिळ्याची भोके रुंदावतात. म्हणून भोक किंचित मोठे व वर डांबरी वायसर. वारा पत्रा उचकटतो तो वळचणीच्या कडेने. तेव्हा तिथल्या आकड्या दाट हव्यात. ज्याच्यापाशी पैसा व कुशल सुतार होता त्याने डोंगरावर हे सारे केले. धातूचे छप्पर निवडले असे म्हणताना त्याने वस्तुतः एक संपूर्ण रचना निवडली होती, आणि पत्रा हे तिचे फक्त बाहेरचे कातडे होते.

विसाव्या शतकात हे कातडे तेवढे सुटे होऊन सर्वत्र पसरले. १९२४ च्या पोलाद संरक्षण कायद्याने जस्ती पत्र्यासह देशी मालाला जकातीचा आडोसा मिळाला. स्वातंत्र्यानंतर १९५६ पासून वाहतूक-समानीकरणामुळे कारखान्यापासून कितीही दूर असले तरी पोलादाचा भाव देशभर सारखा झाला. ती पद्धत १९९२ मध्ये संपेपर्यंत अकोल्यासारख्या दूरच्या बाजारपेठेला तिचा फायदा झाला असला पाहिजे. दुसऱ्या बाजूने जुनी छपरे महाग होत गेली. मेळघाटचे सागाचे जंगल राखीव झाल्यावर वासा, बांबू आणि गवत ही परवानगीची बाब बनली. १९७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प जाहीर झाल्यावर ती अधिकच झाली. पयनघाटात धाब्याला लागणाऱ्या जाड तुळया दुर्मिळ झाल्या. शाकारणीला लागणारे घरचे चार हात मजुरीसाठी बाहेर जाऊ लागले. पत्र्याने जुन्या छपराला हवामानाच्या कसोटीवर हरविले असे पयनघाटात तरी म्हणता येणार नाही. जुन्या छपराची सामग्री आणि श्रम काढून घेतले गेले, आणि रिकाम्या जागी पत्रा आला.

यात सरकारी वर्गवारीने आपला वाटा उचलला. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेत गवत, प्लास्टिक आणि हातकौले ही कच्च्या छपरात मोजली गेली. यंत्रकौले, काँक्रीट आणि धातूचा पत्रा ही पक्क्यात. पुढे घरकुलासाठी पात्र कुटुंबे ठरविताना हीच गणना पायाभूत झाली. वर्गवारीचा हेतू गरजू माणूस शोधण्याचा होता, त्याबद्दल वाद नाही. पण तिचा अर्थ असाही झाला की कोरकू घरातील हाताने थापलेले, उन्हाळ्यात थंड राहणारे, फुटले तर गावातच बदलता येणारे कौल कच्चे. आणि फळ्यांचे छत नसलेला, पहाटे ठिबकणारा पत्रा पक्का. ‘पक्के’ या शब्दात टिकाऊपणा मोजला गेला, राहण्याजोगेपणा नव्हे. स्वतःच्या कमाईतून चार पत्रे टाकणाऱ्या कुटुंबाचे छप्पर तर त्यामुळे कागदावर पक्के झाले.

टिकाऊपणाचा दावाही तपासून पाहण्यासारखा आहे. भारतीय मानकाप्रमाणे जस्ताच्या लेपाच्या वेगवेगळ्या प्रती आहेत. दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम जस्त असलेल्या पत्र्यावर एका बाजूस सुमारे एकोणीस मायक्रॉन थर बसतो. १२० ग्रॅमच्या प्रतीत तो साडेआठ मायक्रॉनच्या आतच राहतो. जस्त झिजण्याचा वेग पत्रा किती काळ ओला राहतो यावर मुख्यतः अवलंबून असतो. म्हणजे पयनघाटाच्या कोरड्या हवेत पातळ लेपही बराच काळ पुरेल, पण महिनोन्‌महिने धुक्यात भिजणाऱ्या मेळघाटात जाड लेपच हवा. १९७२ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेला, अर्ध्याहून अधिक ॲल्युमिनियम असलेला मिश्र लेप व त्यावरील रंगीत थर यांनी पत्र्याचे आयुष्य वाढविले आहे, आणि फिकट रंगाने उन्हाळ्याची झळही काही कमी होते. मात्र दुकानात गिऱ्हाइकाला रंग दिसतो, जाडी बोटांना कळते. लेपाचे ग्रॅम दिसतही नाहीत आणि कळतही नाहीत. थोड्या पैशांत छप्पर घालणाऱ्याच्या पदरी सर्वांत पातळ लेपाचा पत्रा पडणे त्यामुळे स्वाभाविक होते, मग त्याचे घर पयनघाटात असो की मेळघाटात. अकोल्याच्या कडेच्या वस्त्यांत असे पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेले दिसतात. त्या दगडांखाली ओल धरते, आणि पत्रा प्रथम तिथेच गंजतो.