सुरू न होणाऱ्या बोर्डाची गोष्ट

वर्गातली ट्यूबलाइट आठवते? व्होल्टेज कमी असले की नुसती लुकलुकायची, मग कुणीतरी बाकावर चढून स्टार्टर फिरवायचा. तेव्हा गोरेगाव भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये झाला. पुढे माझ्या पोटापाण्याचे कामही तसलेच निघाले : नवे बोर्ड सुरू का होत नाही, ते शोधायचे.

हे काम जुने आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने सुमारे २,७०० व्हॉल्व्हचा ‘टिफ्रॅक’ संगणक स्वतः बांधला. पण एकदम नाही. आधी १९५६ मध्ये छोटे प्रायोगिक यंत्र चालवून पाहिले. मोठे १९६० मध्ये कार्यान्वित झाले. हा धीर मला कधी जमला नाही.

१९८० मध्ये इंटेलची ८०५१ चिप आली. तिच्या रीसेट पिनला एक कपॅसिटर, एक रेझिस्टर जोडला की भागायचे. वीज आल्यावर चिपला क्षणभर थोपवायचे, आतले घड्याळ स्थिरावले की सोडायचे. मेख अशी, की व्होल्टेज सावकाश चढले तर कपॅसिटरही सोबतच भरत जातो आणि थोपवणे होतच नाही. म्हणून पुढच्या अनेक चिपांत व्होल्टेजवर नजर ठेवणारे सर्किट आतच आले.

माझे एक बोर्ड ऑफिसात छान चालायचे, शेतातल्या पंपावर मात्र संध्याकाळी ढिम्म. तीन दिवस मी प्रोग्राम तपासत बसले. शेवटी ऑसिलोस्कोप लावला, तर व्होल्टेज रांगत वर येत होते. आणि ते नजर ठेवणारे सर्किट? सेटिंगमध्ये मीच बंद ठेवले होते.