चूल, घरगुती : रचनेतील सुधारणा

चूल, घरगुती : भांड्याला आधार देणारे, त्याखाली इंधन जाळण्याची सोय असणारे व ज्वलनाची उष्णता भांड्यापर्यंत पोहोचविणारे साधन म्हणजे चूल होय. मराठीत हा शब्द केवळ साधनाचा वाचक नाही. एका चुलीवर शिजवून जेवणारे ते एक कुटुंब, अशी समजूत त्यामागे आहे. भावाभावांत वाटणी झाली म्हणजे ‘वेगळी चूल मांडली’ असे म्हणतात आणि सबंध घराला जेवणास बोलाविणे म्हणजे ‘चूलबंद आमंत्रण’ होय. चुलीच्या रचनेचा इतिहास हा इंधनाचा व तंत्रविद्येचा इतिहास आहेच. परंतु तो ते सरपण गोळा करणाऱ्या व त्याचा धूर सोसणाऱ्या स्त्रियांच्या श्रमांचा व आरोग्याचाही इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकातील चूल : महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात सर्वत्र प्रचारात असलेली चूल मातीची होती. चिकणमातीत शेण व तूस किंवा गवताची कुटी मिसळून, ती मळून व मुरवून स्त्रिया स्वतःच चूल घालीत. तिचा आकार साधारणपणे घोड्याच्या नालासारखा असून पुढील तोंडातून लाकडे सारीत. काठावर तीन उंचवटे ठेवीत; त्यांवर भांडे टेकून राही व मधल्या फटींतून ज्वाळा व धूर बाहेर पडत. मुख्य चुलीच्या बाजूस तिला आतून जोडलेले दुसरे लहान तोंड असे, त्यास वैल म्हणतात. चुलीतून वाया जाणाऱ्या उष्णतेवर वैलावर वरण किंवा दूध मंद आचेवर राही. एका जाळावर दोन भांडी ठेवण्याची ही योजना पुढे सुधारलेल्या म्हणून प्रसिद्ध झालेल्या बहुतेक चुलींचे बीज होय. फुंकणी व चिमटा ही चुलीची नित्याची उपकरणे. रोज सकाळी चुलीला पोतेरे देण्याची रीत होती. त्यामुळे तिच्या भेगा बुजत व ती दीर्घकाळ टिके.

इंधन म्हणून लाकूडफाटा, काटक्या, गोवऱ्या, तुरकाठ्या, पळकाठ्या इ. पदार्थ वापरीत. धुराला वाट म्हणजे कौलांच्या फटी किंवा छपराखालील मोकळी जागा. स्वतंत्र धुराडे क्वचितच असे. तथापि धूर सर्वस्वी निरुपयोगी नव्हता. त्यामुळे गवती छपराला व वाशांना कीड लागत नसे, चुलीवर टांगलेली बियाण्याची कणसे सुरक्षित राहत आणि पावसाळ्यात ओले सरपण वाळे. पुढील काळातील सुधारकांनी या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले नाही.

उघड्या चुलीचे दोष : लाकडाच्या वजनाचा सु. तीन चतुर्थांश भाग उष्णतेने वायुरूप होऊन बाहेर पडतो व तोच ज्वाळेच्या रूपाने जळतो. हे वायू पुरेशा तापमानास, पुरेशा हवेत व पुरेसा वेळ राहिले नाहीत, तर ते न जळताच निघून जातात. धूर म्हणजे अशा रीतीने वाया गेलेले इंधन होय. उघड्या चुलीत एका बाजूने अनावश्यक थंड हवा आत शिरते, तर दुसऱ्या बाजूने राखेत रुतलेल्या निखाऱ्यांना हवा मिळत नाही. ज्वाळा थंड भांड्यावर आदळून विझते व काजळी धरते. परिणामी इंधनातील उष्णतेचा केवळ सु. १० ते १५ टक्के भाग अन्नाच्या कामी येतो. म्हणून चुलीच्या सुधारणेचे उपाय ठराविकच आहेत : इंधनाखाली जाळी बसविणे, हवेचे प्रमाण नियंत्रित करणे, जाळ बंदिस्त करणे, भांडे ज्वाळेच्या वाटेत अधिक खोल बसविणे आणि धूर बाहेर काढणे.

पश्चिमेकडील प्रयत्न : या उपायांची पद्धतशीर मांडणी प्रथम बेंजामिन टॉम्प्सन (काउंट रम्फर्ड, १७५३–१८१४) यांनी केली. म्यूनिक येथे गरिबांसाठी अन्नछत्रे चालविताना त्यांनी प्रत्येक भांड्याखाली स्वतंत्र, बंदिस्त व झडपेने नियंत्रित होणारा जाळ असलेल्या विटांच्या चुली बांधल्या. भांडी चुलीच्या पोटात बसविल्याने इंधनाची मोठी बचत झाली. परंतु त्यांची रचना मोठ्या मुदपाकखान्यांना सोयीची होती. सामान्य घरात बंदिस्त चूल पोहोचली ती बिडाच्या ओतकामामुळे. अमेरिकेत फायलो पेनफील्ड स्ट्यूअर्ट यांनी १८३४ मध्ये ‘ओबर्लिन’ चुलीचे एकस्व (पेटंट) घेतले. ही आटोपशीर बिडाची चूल पुढे फार लोकप्रिय झाली. इंग्लंडमध्ये नॉर्दॅम्प्टन येथील जेम्स शार्प यांनी १८२६ मध्ये वायूवर चालणाऱ्या चुलीचे एकस्व घेतले होते. मात्र घरोघरी वायूचे नळ पोहोचेपर्यंत तिचा प्रसार झाला नाही.

बिडाच्या जड चुली महाराष्ट्रातील सामान्य घरांत रुळल्या नाहीत. थंड हवेत अशी चूल खोलीही उबदार ठेवते. कोकणच्या दमट उष्म्यात तोच गुण दोष ठरतो. शिवाय आपली भांडी गोल बुडाची व भिन्न आकारांची असतात आणि भाकरी तव्यावर भाजल्यावर विस्तवासमोर उभी करून फुगवावी लागते. सपाट, झाकलेल्या पृष्ठभागावर हे साधत नाही.

कोळसा, शेगडी व बंब : मुंबई–ठाणे लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला व १ मे १८५४ रोजी तो कल्याणपर्यंत पोहोचला. पुढे गिरण्या वाढल्या व चाळींची वस्ती दाट झाली. एका खोलीच्या बिऱ्हाडात लाकडाचा धूर असह्य होई. म्हणून लाकडी कोळशाची लोखंडी वा मातीची शेगडी प्रचारात आली. तिच्यात मधोमध जाळी असते; तीवर कोळसे व खाली राख पडण्याची व हवा आत येण्याची वाट. कोळशातील वायुरूप द्रव्ये भट्टीतच निघून गेलेली असल्याने धूर होत नाही. मात्र बंद खोलीत शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू घातक ठरतो. लाकूड वखारींत मिळणारा भुसा भरून पेटविण्याची भुशाची शेगडीही शहरांत लोकप्रिय होती. पत्र्याच्या डब्यात मध्यभागी बाटली किंवा दांडा उभा धरून भोवती भुसा ठासीत. दांडा काढल्यावर राहिलेल्या पोकळीतून ज्वाळा वर येऊन ती कित्येक तास संथपणे जळे.

शेगडीने शहरातील स्वयंपाकघर धूरमुक्त केले, तरी तिचा भार अन्यत्र पडला. मुंबईस लागणारा पुष्कळसा लाकडी कोळसा त्या वेळच्या ठाणे व कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यांच्या जंगलांतून येई. भट्ट्या लावण्याचे काम मुख्यतः कातकरी कुटुंबे करीत. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी ती वर्षानुवर्षे ठेकेदाराकडे अडकून पडत. वेठबिगार पद्धती नष्ट करणारा कायदा १९७६ मध्ये झाला, त्यानंतरही कोळसाभट्ट्यांवरील कातकऱ्यांच्या मुक्ततेसाठी संघटनांना झगडावे लागले. एका घरातील धूर कमी होताना दुसऱ्याच्या जीवनात तो वाढतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

स्नानाचे पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब ही मराठी घरांतील आणखी एक विचारपूर्वक बनविलेली वस्तू होती. त्याच्या मधोमध उभी नळी असून तळाशी जाळी असते. नळीत जाळ व भोवती पाणी अशी रचना असल्याने उष्णता वाया जात नाही आणि नळीच धुराड्याचे काम करते. बाष्पित्राचे (बॉयलरचे) हे घरगुती रूपच म्हणता येईल. कल्याण व डोंबिवली यांच्या दरम्यान असलेल्या ठाकुर्ली येथे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे औष्णिक वीजनिर्मिती केंद्र १९२९ मध्ये सुरू झाले. ते चोळे वीजगृह म्हणून ओळखले जाई. जाळी, नियंत्रित हवा व उंच धुराडे हीच तत्त्वे तेथे प्रचंड प्रमाणावर राबविलेली होती. परंतु ती वीज रेल्वेगाड्यांसाठी होती. लोहमार्गावरून विजेची गाडी धावत असता मार्गालगतच्या वस्तीतील स्वयंपाक शेगडीवर व चुलीवरच होत राहिला. ज्वलनशास्त्राची प्रगती कारखान्यात आधी व स्वयंपाकघरात फार उशिरा पोहोचली, ही गोष्ट सर्वच देशांत कमीअधिक प्रमाणात दिसून येते.

रॉकेलचा स्टोव्ह : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल स्वस्त व सुलभ झाले. स्वीडनमधील फ्रान्स व्हिल्हेल्म लिंडक्व्हिस्ट यांनी १८९२ मध्ये काजळी न धरणारा दाबाचा स्टोव्ह तयार केला. तो ‘प्रायमस’ या नावाने जगभर पसरला. त्याच्या पितळी टाकीत पंपाने हवा भरली असता रॉकेल नळीवाटे वर चढते. आधी काकड्याने तापविलेल्या ज्वालकात (बर्नरमध्ये) त्याची वाफ होते व ती बारीक छिद्रातून वेगाने बाहेर पडून हवेत मिसळते. त्यामुळे स्वच्छ निळी ज्योत मिळते. इंधनाची आधी वाफ करून मग ती जाळण्याची ही योजना एकोणिसाव्या शतकातील चुलीच्या सुधारणांमध्ये सर्वांत मूलगामी म्हटली पाहिजे. स्टोव्हची कार्यक्षमता उघड्या चुलीच्या कित्येक पट असते. पंप मारणे, छिद्रात पिन घालणे व त्याचा घरघराट ही विसाव्या शतकातील मध्यमवर्गीय मराठी घराची ओळख बनली.

या साधनाची दुसरी बाजू दारुण आहे. दाबाखालील रॉकेल, सैल वायसर व जमिनीवर बसून स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या लुगड्याचा पदर यांमुळे भाजण्याचे अपघात वारंवार होत. विवाहित स्त्रियांच्या जळून झालेल्या मृत्यूंची नोंद ‘स्टोव्हचा भडका’ अशी होई. त्यांतील काही प्रकार अपघात नसून छळ वा खून होते, याकडे १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून स्त्री-संघटनांनी लक्ष वेधले. भारतीय दंड संहितेत १९८३ मध्ये ४९८-अ हे छळाविषयीचे व १९८६ मध्ये ३०४-ब हे हुंडाबळीविषयीचे कलम समाविष्ट झाले, त्यास ही पार्श्वभूमी होती. १९७० नंतरच्या दशकात इंडियन ऑइल कंपनीच्या संशोधन केंद्राने विकसित केलेला ‘नूतन’ हा वातींचा स्टोव्ह कमी तेलात चालणारा होता. त्यात दाबाची टाकी नसल्याने तिच्या स्फोटाचा धोकाही नव्हता.

मगन चूल व तिच्यानंतरचे प्रयत्न : ग्रामीण चुलीच्या सुधारणेचा संघटित प्रयत्न वर्ध्यास झाला. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य जे. सी. कुमारप्पा यांच्या मार्गदर्शनाखाली मगनवाडीत चाले. तेथे १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ तयार झाली. स्थानिक मातीची, एकाच जाळावर अनेक भांडी तापविणारी व धुराडे असलेली ही चूल म्हणजे वैलाच्या जुन्या कल्पनेचाच विस्तार होता. त्यानंतर हैदराबाद येथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी १९५३ च्या सुमारास निर्धूर चूल प्रचारात आणली.

१९७३ मधील तेलसंकट व जंगलतोड यांमुळे या विषयास राष्ट्रीय महत्त्व आले. केंद्र शासनाने १९८०–९० या दशकाच्या मध्यास राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो केंद्राकडून बंद होईपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. महाराष्ट्रात पुणे येथील समुचित तंत्रज्ञान संस्थेने (आरती) ‘लक्ष्मी’ इ. प्रकार विकसित केले. साच्यामुळे चुलीची मापे अचूक ठेवणे शक्य झाले. तथापि बसविलेल्या चुलींपैकी पुष्कळ चुली अल्पकाळातच वापरातून गेल्या. धुराडी काजळीने तुंबत. दुसऱ्या तोंडावर पुरेशी आच लागत नसे. भाकरीस लागणारा मोकळा विस्तव मिळत नसे. लाकडे बारीक फोडून घेण्याचे श्रम वाढत. तसेच धुराडे फार उंच वा रुंद असल्यास ते धुराबरोबर उष्णताही ओढून नेते. प्रयोगशाळेतील पाणी उकळण्याची चाचणी व रोजचा स्वयंपाक यांतील अंतर या अनुभवातून स्पष्ट झाले. २०१३ च्या भारतीय मानकात नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या चुलीस किमान २५ टक्के व पंख्याच्या चुलीस ३५ टक्के कार्यक्षमता आवश्यक ठरविण्यात आली आणि धुराचे प्रमाणही मोजण्यात येऊ लागले.

वायूची चूल : मुंबईत १८६५ च्या सुमारास दगडी कोळशापासून केलेल्या वायूचे दिवे लागले. मुंबईजवळ तुर्भे (ट्रॉम्बे) येथील तेलशुद्धीकरण कारखाने १९५४-५५ मध्ये सुरू झाल्यावर द्रवरूप खनिज तेल वायू शहरातील घरांत येऊ लागला. तो मिळविण्यासाठी मात्र पुढे कित्येक वर्षे प्रतीक्षा करावी लागे. वायूची शेगडी सिलिंडरपेक्षा उंच ठेवणे सुरक्षित असल्याने स्वयंपाकाचा ओटा उंच झाला व पाटावर बसून होणारा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीने मुंबई व ठाणे परिसरात नळाने नैसर्गिक वायू पुरविण्यास आरंभ केला. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे जोडण्या दिल्या. तरीही सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च न झेपल्याने अनेक घरांत वायूबरोबर चूलही चालू राहिली.

मूल्यमापन : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील इंधनाच्या धुरामुळे २०२० मध्ये जगात सु. ३२ लाख मृत्यू झाले. श्वसनमार्गाचे जुनाट विकार, मुलांमधील न्यूमोनिया, हृद्रोग व मोतीबिंदू यांचा या धुराशी संबंध आढळला आहे. एकोणिसाव्या शतकापासूनचे सुधारणेचे प्रयत्न मुख्यतः इंधनाच्या बचतीसाठी होते. धुराचे दुष्परिणाम मोजण्यास विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांतच खऱ्या अर्थाने प्रारंभ झाला. जाळी, झडप व धुराडे यांची तत्त्वे रम्फर्ड यांच्या काळापासून ज्ञात आहेत. ज्या सुधारणा टिकल्या, त्या भाकरी, भांडी, सरपण व घराची बांधणी यांच्याशी जुळणाऱ्या होत्या. ‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण माणसांच्या सारखेपणावर बोट ठेवते. चुलींच्या बाबतीत मात्र प्रत्येक प्रदेशाची गरज निराळी असते, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय. [→ इंधन, ज्वलन, शेगडी].