राणीच्या टेकडीतला एक दगड

तेरुंगवनच्या फाटकातून आत आलात की आधी पाइनच्या सावलीतून थोडं चाला. कोरियातल्या ग्योंगजू शहराच्या ऐन मध्यात ही बाग आहे आणि तिच्यातल्या हिरव्यागार, गोलमटोल टेकड्या म्हणजे प्राचीन सिल्ला राज्यातल्या राजाराण्यांची आणि सरदारांची थडगी. मोठी मोजली तर २३. पण आपण एकीसाठीच आलो आहोत, ह्वांगनामदेचोंगसाठी. उंटाच्या पाठीसारखी दोन उंचवट्यांची ही टेकडी १२० मीटर लांब आणि जवळपास २३ मीटर उंच आहे. तिच्या उत्तरेकडच्या उतारासमोर उभे राहा आणि डोळे मिटा.

आता उघडा.

गवत गेलं. समोर ओल्या मातीचा, ताज्या तासलेल्या लाकडाचा आणि शेकडो घामेजल्या अंगांचा वास आहे. उन्हाळा ऐन भरात आहे, हवा चिकट झाली आहे आणि झाडांवरच्या किड्यांची किर्रकिर्र कानात भोकं पाडते आहे. तुमच्या अंगावर अंबाडीसारख्या धाग्याचं खरखरीत कापड आहे, पायांत पेंढ्याच्या वहाणा आहेत. आजूबाजूला पाहायला वेळ नाही, कारण डावीकडच्या माणसाने तुमच्या हातात एक गोटा ठेवलाय. घ्या! आणि उजवीकडे द्या. लगेच दुसरा येतोय.

नदीच्या पात्रातला हा गोटा पाण्याने झिजून गुळगुळीत झालेला आहे आणि नारळाहून बराच जड आहे. दहाव्या गोट्याला मनगटं बोलू लागतात. पन्नासाव्याला तळहात सोलवटतात. मग रांगेच्या टोकाला कुणीतरी हाळी देतो, सगळी रांग तिला उत्तर देते आणि तो ठेका हातांत उतरतो. तुम्हाला शब्द कळत नाहीत, तरी तिसऱ्या खेपेला तुम्हीही ओरडता. त्याशिवाय दगड पुढे सरकतच नाही.

हे सगळे गोटे चाललेत कुठे? समोर लाकडी खोली आहे. आत राणी निजली आहे आणि झाकण बसलं आहे. या खोलीवर आता गोट्यांचा ढीग रचायचा, ढिगावर चिकणमातीचा जाड थर लिंपायचा आणि त्यावर डोंगराएवढी माती घालायची. पलीकडे दक्षिणेला नवऱ्याची टेकडी आधीपासून उभी आहे. हिची तिला चिकटवून बांधायची आहे, दोघांत फट नको.

सोनं तुम्हाला दिसणार नाही, आणि मला त्याची खंत नाही. सोनं संग्रहालयात कुणालाही दिसतं. उत्खनन १९७३ ते १९७५ मध्ये झालं तेव्हा राणीच्या बाजूला सोन्याचा मुकुट निघाला, राजाच्या बाजूला मात्र सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याचा. राणीकडे चांदीच्या पट्ट्याचा एक तुकडाही मिळाला. त्यावर ‘बाईसाहेबांचा पट्टा’ अशा अर्थाची अक्षरं कोरलेली आहेत. राजाकडे पश्चिमेच्या दूर देशातून आलेली काचेची झारी होती. तिचा मोडका कान सोन्याच्या तारेने बांधून दुरुस्त केलेला होता. त्या काळी इथे काचेचं भांडं इतकं दुर्मीळ होतं, की कान मोडला तरी ते टाकलं नाही.

पण हे सगळं इतकी शतकं टिकलं ते तुमच्या हातातल्या गोट्यामुळे. पुढे लाकूड कुजेल, खोली बसेल आणि गोटे धडाधड आत कोसळतील. चोराने एक दगड ओढला तर वरून दहा घसरतील.

जेवणाची वेळ झाली. बसा. बुडाला भोकं असलेल्या मातीच्या भांड्यात, आपण मोदक उकडतो तसं, धान्य वाफवलं आहे. झाकण उघडताच राळ्याची गरम, गोडसर वाफ तोंडावर येते. जोडीला खारवलेला मासा. तिखट शोधू नका, मिरची या देशात यायला अजून हजारेक वर्षं आहेत. वाडगा राखाडी आणि इतका कडक भाजलेला, की नखाने वाजवला तर टण्‌ करतो. शेजारची पोरगी तुमच्या सोललेल्या तळहाताकडे पाहते आणि चिखलाचा एक गोळा पुढे करते. चोळा, थंड वाटतं.

ती दक्षिणेच्या टेकडीकडे मात्र बघत नाही. तिथे राजाजवळ एका तरुण मुलीचीही हाडं आहेत. राजा गेला की पाच पुरुष आणि पाच स्त्रियांनाही त्याच्यासोबत पाठवण्याची रीत होती, असं जुन्या इतिहासात लिहिलं आहे. ती रीत पुढे ५०२ मध्ये बंद झाली. या पोरीला ते ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. ती पटकन जेवते आणि रांगेत परत जाते.

तुम्हीही उठा. अंग आता दुखतंय, पण हाळी पुन्हा सुरू झाली आहे. उन्हं कलताना शेवटचा गोटा येतो. त्याच्या एका कडेला पांढरी रेघ आहे. तुम्ही तो क्षणभर धरून ठेवता, मग देता. तो हातोहात वर जातो, वर जातो आणि ढिगात मिसळतो.

डोळे मिटा. उघडा.

गवत कापल्याचा वास येतोय. बागेतल्या दोन टेकड्यांच्या मधल्या झाडाखाली फोटो काढायला पोरापोरींची रांग लागली आहे. त्यांतली एक तुमच्याकडे फोन देते, आमचा काढाल का म्हणून. तुम्ही हात पुढे करता, आणि तळव्यावर वाळलेला चिखल आहे.