‘अल्प’ म्हणजे किती?

थोडा किरणोत्सर्ग शरीराला घातक, निरुपद्रवी की हितकारक? या वादाची दोन टोके दिल्लीतल्या एकाच संस्थेत सापडतात.

१९७६ साली ‘एम्स’मधल्या एन. कोचुपिल्लै, आय. सी. वर्मा, व्ही. रामलिंगस्वामी आदींनी केरळच्या किनाऱ्यावरची पाहणी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केली. तिथल्या वाळूत थोरियमयुक्त मोनाझाइट आहे. काही जागी वर्षाला ७० मिलीग्रेपर्यंत मात्रा मिळते. त्या पट्ट्यातल्या बारा हजारांहून अधिक लोकांत डाउन सिंड्रोमचे १२ रुग्ण आढळले, तुलनेसाठी घेतलेल्या वस्तीत एकही नाही. हा निष्कर्ष धोक्याची घंटा होता. पण त्यातले ते शून्यच खटकणारे होते. कारण साध्या वस्तीतही असे काही रुग्ण असतातच.

१९८० मध्ये अमेरिकेत टी. डी. लकी यांनी उलटी बाजू मांडली: अल्प किरणोत्सर्ग शरीराची बचावशक्ती जागी करतो. या मताच्या लोकांना पुढे केरळचाच आधार मिळाला. करुनागप्पल्लीतल्या सुमारे ७० हजार रहिवाशांवर सरासरी दहा वर्षे नजर ठेवणाऱ्या अभ्यासात कर्करोगाचे वाढीव प्रमाण दिसले नाही, असे २००९ मध्ये जाहीर झाले. मात्र ‘हानी दिसली नाही’ याचा अर्थ ‘लाभ झाला’ असा होत नाही. त्या आकडेवारीतल्या अनिश्चिततेत थोडी घट आणि थोडी वाढ, दोन्ही बसत होत्या.

मग २०२० उजाडले. प्रतिजैविके येण्यापूर्वी न्यूमोनियावर क्ष-किरण देत, ते सूज उतरवतात असे मानले जाई. तो जुना उपाय करोनाकाळात पुन्हा आठवला. ‘एम्स’मध्ये दहा रुग्णांच्या फुप्फुसांना एकदाच ०.७ ग्रे मात्रा दिली गेली. नऊ जण बरे झाले, एक दगावला. पण उपचाराविना असेच किती बरे झाले असते, हे सांगणारा तुलनेचा गटच नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये कृत्रिम श्वसनावरच्या २२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून चाचणी झाली, तेव्हा लाभ दिसला नाही.

मुळात ‘अल्प’ हा शब्दच दोन्हीकडे वेगळा आहे. कर्करोगावर ६० ग्रे देणाऱ्या डॉक्टरला ०.७ ग्रे क्षुल्लक वाटते. पण केरळच्या सर्वांत तप्त जागी तेवढी मात्रा साठायला दहा वर्षे लागतील.

सामान्य नागरिकासाठी नैसर्गिक किरणोत्सर्ग व वैद्यकीय उपचार वगळून वर्षाला १ मिलीसिव्हर्ट ही मर्यादा आहे. थोडी मात्राही थोडी घातक धरायची, हे सावध गृहीतक तिच्या मागे आहे. ते सिद्ध झालेले सत्य नव्हे. पण ‘थोडे चांगलेच असते’ म्हणून मर्यादा सैल केली आणि तो अंदाज चुकला, तर त्याची किंमत खाणकामगार आणि प्रकल्पांशेजारची गावे मोजतील. रुग्णाला निदान विचारून मात्रा दिली जाते. त्यांना कोण विचारणार?