जुन्या मोटारीचे ब्रेक : बिघाडाचे निदान आणि दुरुस्ती

लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहामार्गे नांदेडला जाताना रस्ता बालाघाटाच्या पठारावरून गोदावरीच्या खोऱ्यात उतरतो. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारे तापमान, भरलेली गाडी आणि उतार अशा वेळी जुन्या मोटारीच्या ब्रेकची खरी परीक्षा होते. मारुती ८०० चे उत्पादन १९८३ मध्ये सुरू झाले व २०१४ मध्ये थांबले. म्हणजे तिची शेवटची गाडीही आता दहा वर्षांहून जुनी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी होऊन पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. मात्र दोन तपासण्यांच्या मधल्या काळात ब्रेकची जबाबदारी वाहनधारकाचीच असते.

ब्रेक 'अचानक' निकामी झाले, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा पेडल त्याची सूचना आधीच देत असते.

यंत्रणा कशी चालते?

पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब पडतो. तो नळ्यांतून चाकांपर्यंत पोहोचतो व पुढच्या डिस्कवर पॅड, तर मागच्या ड्रमला आतून ब्रेक शू घासतात. द्रव दाबला जात नाही, हवा मात्र दाबली जाते. म्हणूनच नळ्यांत हवा शिरली की पेडल खाली जाते, पण गाडी थांबत नाही.

पेडलवरून निदान

* पेडल स्पंजासारखे लागत असल्यास नळ्यांत हवा असण्याची शक्यता असते.
* पाय दाबून धरला असता पेडल सावकाश खाली जात असेल आणि बाहेर कोठेही गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतील रबरी सील झिजलेले असतात.
* दोन-तीनदा पंपिंग केल्यावरच ब्रेक लागत असतील, तर मागच्या शूचे अंतर वाढलेले असते किंवा नळ्यांत हवा असते.
* पेडल दगडासारखे कडक झाल्यास बूस्टर तपासावा. इंजिन बंद ठेवून पेडल काही वेळा दाबावे, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले नाही, तर बूस्टर किंवा त्याच्या व्हॅक्यूम पाइपमध्ये दोष आहे.
* गाडी एका बाजूला ओढत असल्यास कॅलिपर अडकलेला, होज पाइप आतून बुजलेला किंवा एका चाकाचे लायनर तेलकट झालेले असू शकते.

तेल भरणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

टाकीतील ऑइल कमी झाले की वरून भरून गाडी पुढे नेण्याची सवय सर्वांत घातक आहे. पॅड झिजल्याने पातळी थोडी उतरते. ती वारंवार उतरत असेल, तर गळती आहेच. चाकाच्या आतील बाजूस ओल दिसल्यास व्हील सिलिंडर उघडून पाहावा. तेलाने भिजलेले लायनर पुसून वापरू नयेत. ते दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्यास असे ऑइल उकळते, वाफ तयार होते आणि पेडल पोकळ लागते. म्हणून सुमारे दोन वर्षांनी ऑइल बदलावे. इंजिन ऑइल तेथे कदापि घालू नये. त्याने रबरी सील फुगतात.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम गळती शोधून सील, व्हील सिलिंडर किंवा होज पाइप बदलावा, मग शूचे अंतर जुळवावे आणि शेवटी हवा काढावी. हवा काढताना सर्वसाधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात. तथापि कंपनीच्या पुस्तिकेतील क्रम प्रमाण मानावा. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने ब्लीडर सैल करून पुन्हा घट्ट करावा, त्यानंतरच पेडल सोडावे. बुडबुडे थांबेपर्यंत हे करावे व टाकी रिकामी होऊ देऊ नये. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते. त्यामुळे ड्रममधील धूळ फुंकून उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, कमी वेगात घ्यावी.

रस्त्यात ब्रेक गेले तर

पेडल भराभर पंप करावे. टँडेम मास्टर सिलिंडर असल्यास एक भाग निकामी होऊनही दुसऱ्या भागाचे ब्रेक काही प्रमाणात लागतात. एकेक गिअर खाली आणावा. हँडब्रेकचे बटण दाबून ठेवत तो हळूहळू ओढावा, झटक्याने ओढल्यास मागची चाके घसरतात. हॉर्न व दिवे चालू ठेवावेत. गाडी थांबेपर्यंत इंजिन बंद करू नये. किल्ली काढल्यास स्टिअरिंग लॉक होण्याचा धोका असतो.

गाडी थांबल्यानंतर ब्रेक पुन्हा लागू लागले, तरी ती चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नये, ओढूनच न्यावी. उतारावर उकळलेले ऑइल थंड झाल्यावर पेडल पूर्ववत भासते. दोष मात्र आतच राहतो व पुढच्या उतारावर पुन्हा डोके वर काढतो.