दोघांच्या नांवाचें घर

औरंगाबादेहून—आजच्या छत्रपति संभाजीनगराहून—जालन्याच्या रस्त्यानें पूर्वेस निघालें म्हणजे चिकलठाणा लागतें. एकेकाळीं हें शहराबाहेरचें शेतकऱ्यांचें गांव होतें. पुढें येथें विमानतळ झाला, औद्योगिक वसाहत उभी राहिली, शेजारीं सिडकोनें नवें नगर वसविलें, आणि गांव शहरांत मिसळून गेलें. जुन्या गांवठाणांतील घर आणि नव्या इमारतींतील सदनिका ह्यांत विटामातीपेक्षां मोठा भेद आहे तो कागदाचा. गांवठाणांतील घर वाडवडिलांचें. त्याच्या नोंदींत स्त्रीचें नांव क्वचितच सांपडावयाचें. सदनिकेच्या खरेदीखतावर मात्र पुष्कळदां पति व पत्नी ह्या दोघांच्या सह्या असतात, व कर्जहि दोघांच्या पगारावर काढलेलें असतें. संसार सुरळीत चालला आहे तोंपर्यंत ह्या भेदाकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. तो मोडला, म्हणजे घर कोणाचें हा प्रश्न उभा राहतो. आणि महाराष्ट्राच्या इतिहासांत तो वाटतो त्याहून नवा आहे.

घटस्फोट कांहीं आपल्याकडे नवा नाहीं. उच्चवर्णीयांत तो निषिद्ध असला तरी अनेक जातींत काडीमोड रूढ होती. पंचांसमक्ष सोडचिठ्ठी मिळे आणि स्त्रीस पाट लावतां येई. पंच बसत ते लग्नाच्या खर्चाचा, दागिन्यांचा व मुलांचा निवाडा करण्यासाठीं. घराच्या वांटणीचा प्रश्न त्यांच्यापुढें येण्याचें कारणच नव्हतें. मिताक्षरेप्रमाणें राहतें घर अविभक्त कुटुंबाचें. तें एकट्या नवऱ्याचेंहि नव्हे, मग त्यांतील निम्मा हिस्सा बायकोस द्यावयाचा कोणीं? पत्नीस तेथें राहण्याचा व पोटगीचा हक्क होता खरा, परंतु तो पत्नीपणाचा हक्क होता. लग्नाची गांठ सुटली कीं तोहि सुटे. तिचें म्हणून जें कांहीं होतें तें स्त्रीधन. अंगावरचें सोनें घेऊन उंबरा ओलांडावयाचा, एवढाच त्या व्यवहाराचा अर्थ.

औरंगाबाद शहरांत मुसलमान वस्ती मोठी, आणि त्यांच्या धर्मशास्त्रांत ह्याहून एक निराळी वाट होती. निकाह हा करार, व मेहेर हें नवऱ्यावरील ऋण. मेहेर न मिळाल्याबद्दल पत्नीनें पतीच्या मालमत्तेचा ताबा रीतसर व शांततेनें घेतलेला असेल, तर निकाह संपल्यावरहि ऋण फिटेपर्यंत तो ताबा तिला राखतां येतो. ह्यानें ती घराची मालकीण होत नाहीं. पण तिला नुसतें बाहेर काढतां येत नाहीं, हें थोडें नव्हे.

मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्यामुळें बडोद्यास सयाजीरावांनीं १९३१ सालीं हिंदु घटस्फोटाचा कायदा केला व मुंबई प्रांतानें १९४७ सालीं आपला केला, तरी त्यांचा अंमल इकडे नव्हता. हिंदु विवाह कायदा १९५५ सालीं आला तेव्हां येथील स्त्रीपुरुषांस न्यायालयाचें दार सरसकट उघडलें. परंतु त्या कायद्याचें सत्ताविसावें कलम पहावें. न्यायालयानें निकालांत वांटणी करावयाची ती कशाची? तर लग्नाच्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या सामायिक वस्तूंची. रचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें आहेराचीं भांडीं, पलंग आणि कपाटें असावींत. लग्नानंतर दहा वर्षांनीं दोघांनीं मिळून घेतलेलें घर नव्हे. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, महाराष्ट्रांतूनच गेलेल्या एका प्रकरणांत, ह्या शब्दांचा अर्थ थोडा सैल केला: लग्नापूर्वीं वा नंतर मिळालेली वस्तूहि लग्नाशीं संबंधित असेल तर ह्या कलमांत येते. तरीहि कमावून घेतलेलें घर बहुधा बाहेरच राहिलें. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालयांच्या कायद्यानें पतिपत्नींतील मालमत्तेचे दावे त्याच न्यायाधीशापुढें आणले, ही सोय झाली. मात्र निवाडा करण्यासाठीं विवाहाचा म्हणून मालमत्तेचा कायदा त्याच्या हातीं दिला नाहीं. म्हणून तो दोन अनोळखी माणसांच्या सामायिक जमिनीस जो नियम लावावयाचा, तोच नवराबायकोस लावतो.

तो नियम असा. खरेदीचा पैसा ज्यानें ज्या प्रमाणांत दिला त्या प्रमाणांत त्याचा हिस्सा. पुरावा नसेल तर दोघांचें निम्मेनिम्म. दोन खोल्यांचें घर मध्यें भिंत घालून वांटतां येत नाहीं, तेथें १८९३ चा विभाजन कायदा उपयोगीं पडतो. निम्म्याचा किंवा त्याहून अधिक हिश्शाचा धनी विक्री मागूं शकतो. मग दुसऱ्यास न्यायालयानें ठरविलेल्या किंमतीस तो हिस्सा स्वतः विकत घेण्याची संधि मिळते. कायदा सरळ आहे. त्यांतील अन्याय ‘पैसा ज्यानें दिला’ ह्या शब्दांत दडलेला आहे. जिनें नोकरी न करतां पंधरा वर्षें घर सांभाळलें, म्हणून दुसऱ्यास निर्धास्तपणें कमावतां आलें, तिची पावती कोणत्या बँकेनें फाडावी? २०२३ सालीं मद्रास उच्च न्यायालयानें गृहिणीच्या ह्या श्रमास मिळकतींतील वांटा मानलें व तिला समान हिस्सा दिला. हा विचार न्यायालयांस सुचण्यास इतकीं वर्षें लागावींत, हें नवल आहे.

आणि मराठी मुलखाला लागूनच असलेल्या गोव्यांत मात्र ह्याचें उत्तर शंभराहून अधिक वर्षें लिहिलेलें आहे! पोर्तुगालची १८६७ ची दिवाणी संहिता तेथें १८७० पासून चालू झाली. लग्नापूर्वीं वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता एकत्र होते व प्रत्येकाचा त्यांत अर्धा वांटा असतो; एकाच्या संमतीशिवाय दुसऱ्यास घर विकतां येत नाहीं. १९१० सालीं पोर्तुगालांत प्रजासत्ताक आलें व लागलीच घटस्फोटाचा कायदा झाला. वांटणीची रीतहि पाहण्यासारखी आहे. सर्व मिळकतीची यादी होते, मोल ठरतें, आणि मग हिस्सेदार आपसांतच बोली लावतात. ज्याची बोली चढेल त्यानें घर घ्यावें व दुसऱ्याच्या वांट्याची भरपाई रोख करावी. अर्थात् ज्याच्या गांठीं पैसा तोच बोलींत पुढें जातो. पण हरणाराहि रिकाम्या हातीं जात नाहीं, आणि त्याला आपला अर्धा वांटा सिद्ध करीत बसावें लागत नाहीं.

महाराष्ट्रांत हालचाल झाली ती न्यायालयाबाहेर. शरद जोशी ह्यांच्या शेतकरी संघटनेनें १९८९-९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ति’ चालविली, आणि शेतकऱ्यांनीं आपल्या जमिनीचा कांहीं भाग बायकोच्या नांवें करून दिला. पुढें २००३ सालीं सरकारनें ‘घर दोघांचें’ म्हणून ग्रामपंचायतीच्या नोंदवहींत पतीबरोबर पत्नीचेंहि नांव लावण्याचा आदेश काढला. ह्यानें खेड्यांतील पुष्कळ घरांवर बाईचें नांव प्रथमच चढलें. परंतु ती नोंद कर आकारणीची. खरेदीखताचें बळ तिला नाहीं. घटस्फोटाच्या वेळीं पतीच्या मिळकतींत पत्नीस वांटा देऊं पाहणारें विधेयक २०१३ सालीं राज्यसभेनें संमत केलें, पण पुढील वर्षीं लोकसभा विसर्जित झाली व तेंहि बारगळलें.

ह्यामुळें आज चिकलठाण्याच्या जोडप्यास उरतो तो बहुधा तडजोडीचा मार्ग. परस्पर संमतीनें घटस्फोटाची सोय १९७६ पासून आहे, आणि त्याच्या अटींतच घराचा निकाल लावतां येतो: एकानें दुसऱ्यास पैसे देऊन हक्कसोडपत्र घ्यावें, किंवा घर विकून कर्ज फेडल्यावर उरेल तें वांटावें, किंवा मुलांचें शिक्षण होईपर्यंत विक्री लांबवावी. तिसरी तोड मायेची खरी, पण तीच सर्वांत नाजूक. कारण तोंपर्यंत हप्ते कोण भरणार हें कागदावर आलें नाहीं तर तंटा पुन्हां उठतो. शिवाय बँक ह्या तडजोडींत पक्षकार नसते. न्यायाधीशानें हप्ते पतीवर टाकले आणि त्यानें ते थकविले, तर जिनें केव्हांच दुसरीकडे बिऱ्हाड केलें त्या पत्नीसहि बँकेची नोटीस येते. कर्जखतावरील तिची सही घटस्फोटानें पुसली जात नाहीं. म्हणून जाणते वकील हक्कसोडपत्राच्या आधीं बँकेचें संमतिपत्र आणावयास सांगतात, आणि सिडकोच्या भाडेपट्ट्याचें घर असेल तर हस्तांतराची परवानगीहि.