क्राम्स्कोयचे आत्मचित्र आणि धुरंधरांची एकेचाळीस वर्षे : ‘वास्तववाद’ या संज्ञेविषयी एक टिपण

इवान क्राम्स्कोय (१८३७–१८८७) या रशियन चित्रकाराने इ. स. १८६७ मध्ये स्वतःचे एक व्यक्तिचित्र रंगविले. त्याच वर्षी कोल्हापुरात महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म झाला. या योगायोगाला स्वतंत्र महत्त्व नाही. परंतु या दोघांनाही ‘वास्तववादी’ या एकाच विशेषणाने ओळखण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, आणि त्या विशेषणाखाली दोन भिन्न, किंबहुना परस्परविरोधी, इतिहास झाकले जातात असे प्रस्तुत लेखकास वाटते. ते वेगळे करून दाखविणे एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

प्रथम चित्राकडे पाहू. मॉस्को येथील त्रेत्याकोव्ह संग्रहालयातील हे चित्र लहानसे, लंबवर्तुळाकार आहे. रंग जवळजवळ एकाच तपकिरी-करड्या छटेतले. अंगात साधा गडद कोट, विरळ दाढी, मागे वळविलेले केस. हातात कुंचला नाही, रंगपाटी नाही. चित्रकाराच्या व्यवसायाची एकही खूण चित्रात नाही. सारा प्रकाश कपाळावर आणि डोळ्यांवर एकवटला आहे. ते डोळे पाहणाऱ्याची परीक्षा घेत आहेत असे प्रथम वाटते; मागाहून ध्यानात येते की चित्रकार आरशात पाहत होता, तेव्हा ही परीक्षा त्याची स्वतःचीच होती.

या नजरेमागे चार वर्षांपूर्वीची एक घटना आहे. कारकुनाचा मुलगा असलेला क्राम्स्कोय तरुणपणी एका फिरत्या छायाचित्रकाराकडे छायाचित्रांवर हात फिरविण्याचे काम करीत असे. १८५७ मध्ये तो सेंट पीटर्झबर्गच्या राजकीय कला-अकादमीत दाखल झाला. नोव्हेंबर १८६३ मध्ये अकादमीने सुवर्णपदकाच्या स्पर्धेसाठी उत्तर युरोपीय पुराणकथेतील ओडिन देवाच्या सभागृहातील मेजवानी हा विषय नेमून दिला. भूदासप्रथा संपुष्टात येऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. समोर एवढा मोठा समाज हालत असताना परक्या देवांची मेजवानी रंगवावयास या विद्यार्थ्यांचे मन घेईना. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य त्यांनी मागितले. ते नाकारले गेले तेव्हा क्राम्स्कोयच्या पुढाकाराने चौदा जण अकादमीतून बाहेर पडले. त्यांनी स्थापिलेल्या मंडळास ‘आर्तेल’ असे नाव दिले. हा शब्द सुतार-गवंड्यांच्या सामाईक कमाईच्या टोळीचा; आपल्या ‘सावडी’च्या जवळ जाणारा, परंतु तंतोतंत तोच नव्हे. कलावंतांनी कारागिरांचा शब्द आपण होऊन उचलावा, यातच त्यांची भूमिका आली. पुढे १८७० मध्ये फिरत्या प्रदर्शनांची संस्था निघाली, तिच्या प्रवर्तकांतही क्राम्स्कोय होता.

आता मुंबईकडे वळू. क्राम्स्कोय अकादमीत शिरला त्याच १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा सुरू झाली. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांच्यासारख्या शिक्षकांच्या हाताखाली छायाप्रकाश, यथादर्शन आणि मानवी शरीररचना यांचे पाश्चात्त्य शिक्षण तेथे स्थिरावले. धुरंधर १८९० मध्ये या शाळेत विद्यार्थी म्हणून आले, १८९६ मध्ये तेथेच शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. म्हणजे वास्तवदर्शी चित्रण हा रशियात संस्थेबाहेर पडलेल्यांचा ध्वज होता, तर मुंबईत तो संस्थेचा अभ्यासक्रम होता. येथील बंड मागाहून झाले ते या चित्रणपद्धतीविरुद्ध. बंगालमध्ये हॅवेल आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांनी तिला परकीय ठरविले. एकीकडे जे बंड, तेच दुसरीकडे बंडाचे लक्ष्य. आणि मराठीत दोहोंना नाव एकच!

अर्थात हा भेद फार ताणूनही चालणार नाही. क्राम्स्कोयने १८६९ मध्ये त्याच अकादमीची ‘अकादमीशियन’ ही पदवी स्वीकारली, आणि त्याच्या हाताला वळण अकादमीनेच दिले होते. उलटपक्षी धुरंधर शाळेत राहिले, तरी त्यांच्या चित्रांत आली ती घरातली आणि रस्त्यावरची माणसे. १८९५ मध्ये बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले ते घरच्या लक्ष्मीच्या आगमनावरील चित्रासाठी. पद्धत आयात केलेली, दृष्टी मात्र उंबरठ्याच्या आतली. तेव्हा ‘वास्तववाद’ ही संज्ञा तंत्राला लावावी, विषयाला लावावी, की संस्थेशी असलेल्या कलावंताच्या नात्याला, हे प्रत्येक वेळी स्पष्ट करणे अवश्य आहे.

येथे भाषेची थोडी साक्ष काढणे उपयुक्त ठरेल. रशियनमध्ये तैलचित्र ‘लिहितात’. लेखन आणि रंगविणे या दोन्ही क्रियांना ‘पिसात्’ हे एकच क्रियापद चालते. संस्कृतातही ‘लिख्’ या धातूला हे दोन्ही अर्थ आहेत. ‘आलेख्य’ म्हणजे चित्र. उषेच्या स्वप्नातील पुरुषाची ओळख पटावी म्हणून एकामागून एक व्यक्तिचित्रे काढणाऱ्या सखीचे नावच चित्रलेखा आहे. मराठीने मात्र या दोन क्रिया वेगळ्या केल्या : आपण अक्षर लिहितो आणि चित्र काढतो. तथापि ‘व्यक्तिचित्र’ हा शब्द आपण रंगांच्या चित्रालाही लावतो आणि शब्दांच्याही. जुना संबंध तेथे टिकून आहे.

या दृष्टीने पाहता क्राम्स्कोयच्या चित्राशेजारी ठेवण्याजोगे धुरंधरांचे आत्मचित्र म्हणजे त्यांचा १९४० मध्ये प्रसिद्ध झालेला आत्मचरित्रपर ग्रंथ, ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. शीर्षकच पाहावे. त्यात ‘मी’ नाही, ‘माझे’ नाही. एक वास्तू आहे आणि एक कालगणना आहे. ज्या संस्थेला ते मंदिर म्हणतात, तिच्यातील वास्तव्य हीच त्यांनी निवडलेली स्वतःची चौकट. क्राम्स्कोयने चौकटीतून व्यवसायाची प्रत्येक खूण काढून टाकली आणि केवळ चेहरा उरविला. धुरंधरांनी शीर्षकातून चेहरा काढून घेतला आणि व्यवसायाचे घर उरविले. पहिल्यात धैर्य आणि दुसऱ्यात केवळ नम्रता वा आज्ञाधारकपणा पाहणे हा उतावीळपणा होईल. परकीय सत्तेच्या शाळेत एका भारतीयाने विद्यार्थी म्हणून प्रवेश करावा आणि चार दशके तेथे पाय रोवून राहावे, हेही स्वत्वाचे एक विधान आहे. ते मोठ्याने उच्चारलेले नाही, इतकेच.

हा प्रश्न केवळ संज्ञेचा नाही. देवळ्यासारख्या तालुक्याच्या गावी आजही शाळकरी मुले एलिमेंटरी व इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांसाठी वस्तुचित्राचा सराव करतात. वस्तूवर पडलेला उजेड आणि तिची सावली कागदावर उतरवितात. त्यांच्या हातात मुंबईच्या त्या अभ्यासक्रमाचा वारसा आहे. परंतु पाहणे हा गुण मिळविण्याचा विषय आहे, तसाच तो स्वतःला प्रश्न विचारण्याचाही मार्ग आहे, हे त्यांना कोण सांगणार? ‘वास्तववाद’ हा शब्द आपण शैलीचे लेबल म्हणून वापरीत राहिलो, तर त्याच्या पोटातील हा प्रश्न हरवतो. यापुढे हा शब्द लिहिताना कोणाचे वास्तव, कोणत्या संस्थेच्या आत वा बाहेर उभे राहून पाहिलेले, एवढे जरी आपण नोंदविले, तरी आपल्या कलेतिहासाची परिभाषा पुष्कळ प्रामाणिक होईल.